मार्गी लागलेला आणि मागे राहिलेला



कोरडवाहू गावांत मुलाची पत आता रेल्वेच्या स्टेशनावरून ठरते. बदलापूरला चौघांत भाड्याची खोली, अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटी काम, नाहीतर उल्हासनगरला जीन्सच्या शिलाईवर. तो 'मार्गी लागला'. कपाशी-ज्वारी सांभाळणारा भाऊ 'मागे राहिला'. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला. लोक हसले. आम्हाला हसू आले नाही.

उलट्या वाटेने आलेला माणूस आपण पाहिला आहे. शरद जोशी टपाल खात्यातले अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघात नोकरी. ती सोडून १९७७ साली चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमिनीत शेती सुरू केली. नातेवाइकांनी वेड्यात काढले नसते तरच नवल. (आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा आमच्या घरीही सरकारी खुर्चीचीच वाट पाहत होते.) पण जोशींचे मोठेपण नोकरी सोडण्यात आम्ही मानत नाही. त्यांनी शेतीचा हिशेब लिहिला. पीक चांगले येऊनही तोटाच येतो, याचे कारण त्यांना आळसात किंवा अडाणीपणात सापडले नाही, भावात सापडले. त्यातूनच १९८० चे चाकणचे कांदा आंदोलन उभे राहिले.

मात्र जोशींपुढे दोन वाटा होत्या आणि त्यांतली एक त्यांनी निवडली. आपल्या पोरांपैकी किती जणांनी काही निवडले? जाणारा तोट्यातून सुटायला जातो, राहणारा म्हाताऱ्या आईबापांसाठी राहतो. म्हणून जाणाऱ्याला 'मातीशी बेइमान' म्हणणारी भाषणे आम्हाला पटत नाहीत. आणि राहणाऱ्याला नालायक ठरवणारी सोयरीक तर त्याहून नाही. आपल्या मुलीसाठी नोकरीवाला शोधायचा आणि पोराला सून मिळत नाही म्हणून रडायचे, हे आपल्याच घरांत चालले आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने दोन कागद आणावेत. एकावर एकरी हिशेब: बियाणे, खत, फवारणी, डवरणी, निंदण, वेचणीची मजुरी, समोर कापूस, ज्वारी आणि कडब्याचे आलेले पैसे. दुसऱ्यावर शहरातल्या पोराचा पगार, त्यातून खोलीभाडे, खाणावळ आणि लोकलचा पास वजा. पहिल्या कागदावर घरच्या बाईची मजुरी लिहायला विसरू नका, ती दरवेळी गळते. दोन्ही कागद बैठकीत मोठ्याने वाचले जातील.