अक्षर कोणासाठी?

डोंबिवलीतील स्थानिक साप्ताहिकाचा वाचक कोठे वाचतो? सकाळच्या लोकलमध्ये, एका हाताने वरची कडी धरून आणि दुसऱ्या हातात चौघडी केलेला अंक घेऊन. औद्योगिक वसाहतीबाहेरच्या चहाच्या टपरीवर. निवासी शाळेत सायंवंदनेनंतर एक मुलगा मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. २०१७ साली नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविणाऱ्या या नगरीला वाचनाचे कौतुक आहे यात शंका नाही. परंतु वृत्तपत्राची नवी मांडणी ठरते तेव्हा या वाचकांपैकी कोणाला विचारले जाते, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण पुढे येईलच.

आमच्या परिचयातील एका साप्ताहिकाने आपला फॉन्ट बदलण्याचे मनावर घेतले. संपादकांनी एकाच मजकुराचे तीन नमुने छापले आणि ‘आपणांस कोणता आवडला?’ असे वाचकांना विचारले. हेतू चांगला होता. इतकी विचारपूस करणारे संपादकही थोडेच. उत्तरे मात्र आली ती वाचनाचा सराव असणाऱ्यांकडून. त्यांनी बहुमताने सर्वांत बारीक, आखीव आणि नीटस नमुना निवडला.

तेच तीन नमुने आम्ही रविवारी मुलांना भेटावयास येणाऱ्या पालकांपुढे ठेवले. आवडीचा प्रश्न न विचारता ‘वाचून दाखवा’ एवढेच म्हटले. उतारवयात साक्षरता वर्गात अक्षर गिरविलेल्या एका आजींनी त्या नीटस नमुन्यातील ‘पोलीस भरती’ हे शब्द ‘पोलीस मरती’ असे वाचले. मुले खळखळून हसली. आजी ओशाळल्या आणि चष्मा पुसू लागल्या. चूक त्यांच्या डोळ्यांची नव्हती.

देवनागरीत भ आणि म, ध आणि घ, थ आणि य यांच्यातील अंतर शिरोरेषेतील एका फटीचे किंवा एका लहानशा गाठीचे असते. वृत्तपत्राचा कागद शाई शोषतो, शाई पसरते आणि ती फट बुजते. संगणकाच्या पडद्यावर सुबक दिसणारे अक्षर छापखान्यातून असे वेगळेच होऊन बाहेर पडते. म्हणून नमुना पाहावयाचा तो नेहमीच्याच कागदावर, नेहमीच्याच यंत्रावर छापून. गुळगुळीत कागदावरील नमुना दाखवून मत मागणे ही वाचकाची फसवणूक आहे, मग ती अजाणता का होईना. दुसरी गोष्ट ओळींमधील अंतराची. आपल्या लिपीत मात्रा, वेलांटी, रफार वर बसतात आणि उकार खाली लोंबतात. रोमन लिपीच्या हिशेबाने ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो आणि नवशिक्याचे बोट ओळीवरून घसरते. मराठीची म्हणून काही वळणेही आहेत. ल आणि श यांची मराठी रूपे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात सांगितलेली आहेत, तरी हिंदीच्या सोयीने घडविलेले फॉन्ट सर्रास वापरले जातात. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द फॉन्टला नीट लिहिता येतो का, हे तरी निवडीपूर्वी पाहावे. आमच्या बाजूने आम्ही ‘धम्मचक्कप्पवत्तन’ हा शब्द सुचवू. इतकी जोडाक्षरे एका ओळीत निभावली तर बाकीचे सहज निभावते.

वाचकाच्या सोयीने अक्षर निवडण्याची गोष्ट नवी नाही. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि आता पालघर जिल्ह्यात गेलेल्या सोपाऱ्यास १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो ब्राह्मी लिपीत आहे. त्याच सम्राटाने वायव्येस शाहबाजगढी आणि मानसेहरा येथे खरोष्ठी वापरली, तर कंदाहारला ग्रीक आणि अरामी. मगधाची लिपी राजाची म्हणून सर्वांवर लादणे त्याला अशक्य नव्हते. कलिंगातील धौली आणि जौगड येथील लेखांत तर तिष्य नक्षत्राच्या दिवशी लेख ऐकवावा, मध्यंतरी एकट्या माणसालाही ऐकवावा, अशी आज्ञा आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात बुद्धवचन छंदस् भाषेत घालण्याची अनुज्ञा मागणाऱ्या दोन भिक्खूंना तथागतांनी ती नाकारली, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले, ते ज्या समाजासाठी, त्याच्यापासून अक्षर शतकानुशतके दूर ठेवले गेले होते.

बहुमत म्हणजेच लोकशाही, तेव्हा संपादकांचे काय चुकले, असा आक्षेप आम्हांस ऐकावा लागला. मतपत्रिकाच ज्याला वाचता आली नाही त्याचे मत त्या बहुमतात कोठे मोजले गेले? सराईत वाचक कोणत्याही अक्षरातून वाट काढतो. वळण बदलले की दोन आठवडे कुरकुरतो आणि तिसऱ्या आठवड्यात विसरतो. नवसाक्षर आजी मात्र एकदा ओशाळल्या की अंक पुन्हा हाती घेत नाहीत. आणि ‘भरती’ची बातमी ज्या घरात वेळेवर कळायला हवी, ती बहुधा अशाच घरात.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. मोठ्या, मोकळ्या अक्षराने मजकूर कमी मावतो आणि कागद महाग आहे. साप्ताहिक चालविणाऱ्यांची ओढाताण आम्ही जाणतो. तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांची पाऊण पाने आणि त्यांतील पुढाऱ्यांची एकेक वीत उंचीची छायाचित्रे पाहिली की जागेची टंचाई नेमकी कोणाच्या वाट्याला येते, हे ध्यानी येते. जाहिरातीवाचून अंक निघत नाही, हे मान्य. पण बातमीचे अक्षर जाहिरातीसाठी आकसू नये.

आम्ही संपादकांस एवढेच कळविले आहे की पुढील नमुने नेहमीच्या कागदावर छापून आमच्याकडे पाठवावेत. पाचवीची मुले, स्वयंपाकघरातील ताई आणि भेटीस येणारे पालक ते मोठ्याने वाचतील. कोण कोठे अडखळले याची नोंद आमचे शिक्षक ठेवतील. आजींनी त्या दिवशी तिसरा, थोराड अक्षराचा नमुना न अडखळता वाचला होता. मतांत तो शेवटचा आला होता.