निवडुंग हवा तर बी पेरा

कॅक्टस म्हणजेच निवडुंगाचं कुळ मूळचं अमेरिका खंडांतलं. त्यातल्या सुमारे दीड हजार जातींपैकी ३१ टक्के धोक्यात आहेत, असं २०१५ च्या जागतिक पाहणीत दिसलं. एक मोठं कारण म्हणजे शौकिनांसाठी रानातून उपटून विकली जाणारी रोपं. म्हणून माझं मत असं, की हौस असेल तर बी पेरा.

"बियांची रोपं कुजतात" ही तक्रार खरी आहे. बुरशी कोवळ्या रोपाचं बूड धरते आणि रोप एका रात्रीत आडवं होतं. पण औषधाआधी स्वच्छता पाहा. वाळू, बारीक खडी आणि थोड्या कोकोपीटवर उकळतं पाणी ओता, निथळून थंड होऊ द्या. कुंडी धुऊन घ्या. बी वरच पसरा, पुरू नका. उगवेपर्यंत प्लास्टिकने झाका, नंतर हळूहळू हवा द्या. पाणी ताटलीतून, खालून द्या. उजेड हवा, कडक ऊन नको. एखादं रोप मऊ पडलं तर भोवतालच्या मातीसकट काढून टाका. आपल्याकडे भर पावसाळ्यात पेरणी टाळा.

रोप मण्याएवढं व्हायलाही कित्येक महिने लागतात. दुकानात मोठं रोप लगेच मिळतं. ते बियांपासून वाढवलेलं असेल तर खुशाल घ्या, पण कुठून आलं हे आधी विचारा. निसर्ग ही अल्लाहची अमानत आहे असं आपण म्हणतो. मेक्सिकोचं वाळवंट त्या अमानतीबाहेर कसं राहील?