युरियाच्या रांगेत उभं राहण्याआधी उकिरड्याकडे बघा

थंडी पडली, गव्हाची पेरणी सुरू झाली की तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रासमोर तेच चित्र. हातात आधार कार्ड, रांग रस्त्यापर्यंत, आणि काउंटरवरून उत्तर येतं, "युरिया संपला." नाहीतर, "देतो, पण सोबत ही बाटली घ्यावी लागेल." २०२५ च्या खरिपात तर अनेक राज्यांत युरियाची ओढाताण झाली. प्रश्न एवढाच आहे का, की माल कमी येतो? की आपणही गरजेपेक्षा जास्त टाकतोय?

एकराला लागतो किती?

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. म्हणजे एकराला नत्र ४८ किलो. स्फुरदासाठी डीएपीची एक गोणी टाकली तर त्यातूनच ९ किलो नत्र मिळतं. उरलेल्या ३९ किलोसाठी युरिया लागतो साधारण ८५ किलो. युरियाची गोणी आता ४५ किलोची आहे, म्हणजे दोन गोण्यांत काम भागतं. यातला ३०-३५ किलो पेरणीला आणि बाकीचा २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना, पहिल्या पाण्याच्या वेळी द्यायचा.

तरीही तिसरी, चौथी गोणी का पडते? कारण युरिया टाकला की चार दिवसांत रान हिरवंगार दिसतं. पण जादा नत्राने गहू नुसता माजतो, वाऱ्याला लोळतो आणि दाणा बारीक राहतो. शिवाय ओल नसताना वरून फेकलेला युरिया अमोनिया वायू होऊन उडून जातो. पैसे आपले, खत हवेचं.

स्वस्ताईचं गणित

युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण खरा खर्च सरकार अनुदानातून भरतं. २०१० मध्ये स्फुरद आणि पालाशाच्या खतांचे भाव सैल झाले, युरिया मात्र सरकारी दरातच राहिला. त्यामुळे डीएपीची गोणी १३५० रुपयांना, पोटॅश त्याहून महाग, आणि युरिया सगळ्यात स्वस्त. हात स्वस्त गोणीकडेच जाणार. यात शेतकऱ्याची चूक कमी आणि धोरणाची जास्त आहे. पण जमीन खराब होते ती आपली.

शेणखत काय देतं, काय देत नाही

एकरी ४ टन चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण २० किलो नत्र असतं, म्हणजे जवळपास एका युरिया गोणीएवढं. पण ते सगळं पहिल्याच हंगामात मिळत नाही, हळूहळू सुटतं. म्हणून एक ट्रॉली टाकली आणि युरिया बंद केला, असं करू नका. उत्पन्न घटेल.

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे १८५२ पासून एकाच रानात जव, म्हणजे बार्ली घेऊन खतांचा प्रयोग चालू आहे. तिथल्या एका तुकड्याला पहिली वीस वर्षं शेणखत दिलं आणि नंतर बंद केलं. त्याचा फरक जमिनीत शंभर वर्षांनंतरही दिसत होता. आणि नव्या वाणांचं सगळ्यात जास्त उत्पन्न आलं ते शेणखत आणि नत्र दोन्ही दिलेल्या रानात. आपलं हवामान उष्ण आहे, इथे शेणखत लवकर जिरतं. म्हणून आपल्याला ते वरचेवर द्यावं लागतं.

कच्चं शेण नको

ट्रॅक्टर आला, बैल गेले, शेण कमी झालं. जे आहे तेही उकिरड्यावर उन्हापावसात पडून राहतं आणि त्यातला नत्र उडून आणि वाहून जातो. त्यात घाई करून कच्चं शेण रानात टाकलं, तर ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलाच नत्र ओढून घेतात. पीक पिवळं पडतं आणि आपण पुन्हा युरियाच्या रांगेत. वर हुमणी, वाळवी आणि तण वेगळंच.

त्यासाठी हे करा:

- शेण, गोठ्यातला पालापाचोळा आणि मूत्र खड्ड्यात थराथराने भरा. वर माती, बाजूला सावली आणि आत ओल हवी. चार-पाच महिने कुजू द्या.
- रानात नेलेले ढीग आठवडाभर तसेच ठेवू नका. पसरवून त्याच दिवशी मातीत मिसळा.
- नाडेप किंवा गांडूळ खताचा हौद रोजगार हमी योजनेतून बांधता येतो. ग्रामपंचायतीत विचारा. नाडेपची पद्धत आपल्याच पुसदच्या पांढरीपांडे यांनी शोधलेली आहे.
- माती तपासा. सेंद्रिय कर्ब ०.५० टक्क्यांच्या खाली असेल तर आधी शेणखत, मग बाकीचं.

आणि युरियासोबत बाटली घ्यायची सक्ती झाली तर? पक्कं बिल मागा आणि पंचायत समितीच्या किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. खतासोबत दुसरा माल गळ्यात मारायची परवानगी कुणालाच नाही.

रांग एका वर्षात संपणार नाही. पण तिसरी गोणी थांबली आणि उकिरड्याचा खड्डा झाला, तर पुढच्या रब्बीत रांगेतली आपली गरज तरी नक्की कमी होईल.