हळकुंड घेऊन वर्गात

शाळेतल्या प्रश्नमंजूषेची पुस्तके उघडली की तेच ते प्रश्न दिसतात. आयफेल टॉवर कुठे आहे, नाईल नदीची लांबी किती, पिरॅमिड कोणी बांधले. मुले पाठ करतात, बक्षीस घेतात आणि आठवडाभरात विसरून जातात. विसरण्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते, की खेड्यातल्या मुलाला वाटू लागते, जगाचा इतिहास कुठेतरी लांब घडला. आपल्या गावाचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणून या वेळी हिंगोली जिल्ह्यातले कुरुंदा घेऊ. वसमत तालुक्यातले हे गाव, आणि हा सगळा पट्टा हळदीचा. हळद लावणे, शिजवणे, वाळत घालणे, मोंढ्यावर नेणे हे इथल्या मुलांच्या डोळ्यांसमोर होते. शिक्षकांनी वर्गात एक हळकुंड न्यावे आणि विचारावे, याचे शास्त्रीय नाव काय? कुर्कुमा लोंगा. इथे पुस्तक थांबते, आपण थांबू नये. 'कुर्कुमा' हा शब्द आला कुठून? अरबीतल्या 'कुरकुम'वरून. अरबीतून तो लॅटिनमध्ये गेला. हळदीला पिवळेपणा देणाऱ्या कर्क्युमिनचे नावही तिथूनच आले. म्हणजे कुरुंद्याच्या शेतातल्या पिकाचे जगभर चालणारे नाव अरबी मुळाचे आहे. मुलांना हे एकदा कळले की ती विसरत नाहीत, कारण वस्तू हातात असते.

हळदीचा पुढचा प्रश्न जरा मोठ्या मुलांसाठी. हळदीवर मालकी कोणाची? १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले होते. आपल्या अम्मीने, दादीने पिढ्यान्‌पिढ्या बोट कापले की हळद दाबली, आणि तेच कागदावर नवा शोध ठरले! भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिले. तेव्हा तिचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. पण 'आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे' हा पुरावा तिथे चालत नाही, छापील दाखला लागतो. परिषदेने असे ३२ दाखले शोधून काढले. त्यांतले काही शंभर वर्षांहून जुने होते आणि ते संस्कृत, हिंदी व उर्दूत होते. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पुढे पारंपरिक ज्ञानाचे जे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले, त्यात आयुर्वेदाच्या संस्कृत ग्रंथांबरोबर युनानीचे अरबी, फारसी, उर्दू ग्रंथही घेतले गेले.

आता आपल्या घरांकडे पाहा. दादाजींच्या पेटीत नुस्ख्यांची एखादी उर्दू वही असते. घरात ती वाचणारे कोणी उरलेले नसते, आणि घर रंगवायला काढले की ती रद्दीत जाते. जमिनीच्या कागदांचेही तेच. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तिथले सरकारी काम उर्दूत चाले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली. शेजारच्या मराठा घराच्या पणजोबांची नोंद आपल्या लिपीत पडून होती. मुलाला उर्दू शिकवायचे की नाही, या घरोघरच्या वादात हा मुद्दा कोणी मांडत नाही.

त्या कागदांवर एक वेगळेच साल दिसते, फसली. फसली १३५७ म्हणजे आपले कोणते वर्ष? ५९० मिळवा, १९४७. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना ५९१. मुले विचारतील, हिजरी असताना हे कशाला? हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि सुमारे ३५४ दिवसांचे असते. ते दर वर्षी सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण ११ दिवस पुढे सरकते. सारा हिजरी तारखेला मागितला, तर काही वर्षांनी पीक शेतात उभे असतानाच वसुलीदार दारात येणार. म्हणून अकबराच्या काळात पिकांच्या ऋतूंशी जुळणारे फसली साल आले. अरबीत 'फस्ल' म्हणजे ऋतू. हीच अडचण तुर्कस्तानच्या उस्मानी सरकारलाही आली, आणि तिथेही हिशेबासाठी वेगळे सौर वर्ष सुरू झाले.

खरीप आणि रब्बी हेही अरबीच. 'खरीफ' म्हणजे पानगळीचा काळ आणि 'रबी' म्हणजे वसंत, पीक घरात येते तो ऋतू. वर्गातला कोणत्याही धर्माचा शेतकरी आजोबा हे शब्द रोज बोलतो.

शेवटचा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा आणि दोन दिवस उत्तर सांगू नका. रबीउल अव्वल या महिन्याच्या नावातही 'रबी' आहे, मग तो नेहमी रब्बीच्या सुगीतच येतो का? २०२५ मध्ये १२ रबीउल अव्वल ५ सप्टेंबरला आली, म्हणजे खरीप शेतात उभे होते. दर वर्षी ११ दिवस मागे धरून मुलांनाच मोजू द्या. गणित बरोबर केले तर मार्च महिना, हरभरा-गव्हाची काढणी आणि रबीउल अव्वल यांची गाठ २०४२ च्या आसपास पडते. आज पाचवीत असलेले मूल तेव्हा पंचविशीच्या पुढे असेल.