सूचीविना समीक्षा

विद्यापीठांच्या मराठी विभागांतून अलीकडे एक सोयीस्कर समज दृढ झालेला आढळतो. संशोधनाची साधने आता विपुल झाली आहेत, उणीव असलीच तर ती विद्यार्थ्याच्या जिज्ञासेची आहे, असा तो समज होय. हा समज चुकीचा आहेच. शिवाय तो विभागांना आणि ग्रंथालयांना त्यांच्या जबाबदारीतून मुक्त करीत असल्यामुळे अपायकारकही आहे.

वैपुल्याचा दाखला म्हणून आज 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' या योजनेकडे बोट दाखविले जाते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद झाली आणि तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके केंद्र व राज्य शासनांच्या उच्चशिक्षण संस्थांना खुली करण्याचे ठरले. योजना स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत नाही. परंतु मराठीत संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ काय होतो? चिन्हमीमांसेवर किंवा वासाहतिकोत्तर सिद्धान्तावर परदेशात प्रसिद्ध झालेला लेख त्याला काही मिनिटांत मिळू शकतो. मात्र १९६५ साली एखाद्या मराठी कवितासंग्रहावर कोणकोणत्या नियतकालिकांत काय लिहिले गेले, त्याला कोणी उत्तर दिले आणि तो वाद कोठे थांबला, हे शोधायचे झाल्यास त्याला बांधीव खंडांची पाने एकेक करून उलटावी लागतात. तेही खंड जाग्यावर असतील तर.

ही स्थिती नेहमीच अशी होती असेही नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि पुढे ती १९५० पर्यंत आणली. त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या दाते सूची मंडळाने १८०० ते १९५० या काळातील नियतकालिकांतील लेखनाची वर्गीकृत सूची केली. त्यानंतर ग्रंथसूचीचे काम पुढे चालू राहिले, काही नियतकालिकांच्या स्वतंत्र सूचीही झाल्या. परंतु १९५० नंतरच्या समग्र नियतकालिक लेखनाला कवेत घेणारे तसे साधन विद्यार्थ्याच्या हाती नाही. याचा अर्थ असा की, मराठी नवसाहित्याची चर्चा, अनियतकालिकांची चळवळ, दलित साहित्याचा उदय आणि स्त्रीवादी समीक्षेची जडणघडण, म्हणजे आजच्या बहुतेक प्रबंधांचे जे विषय आहेत ते सारे, सूचीच्या प्रकाशाबाहेर राहिले.

याचे परिणाम केवळ गैरसोयीपुरते मर्यादित नाहीत. ते थेट वाङ्मयेतिहासावर होतात. ज्या समीक्षकाचे लेख पुस्तकरूपाने संग्रहित झाले तो प्रबंधांतून पुनःपुन्हा उद्धृत होतो. ज्याचे लेखन 'सत्यकथा', 'अस्मितादर्श' यांच्या अंकांत किंवा 'शब्द', 'असो', 'वाचा' यांसारख्या अल्पजीवी प्रकाशनांत राहिले तो हळूहळू नाहीसा होतो. विद्यार्थी मूळ अंक न पाहता नंतरच्या संग्रहातील वा इतिहासग्रंथातील अवतरण उचलतो, पुढचा विद्यार्थी त्याच्या प्रबंधातून तेच उचलतो. मान्यताप्राप्त लेखकांच्या प्रस्थापित परंपरेला आव्हान देण्याची भाषा करणारे प्रबंधच अशा रीतीने ती परंपरा अधिक घट्ट करतात.

जी साधने उपलब्ध आहेत तीही मराठीच्या प्रकृतीकडे पाहून घडविलेली नाहीत. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि असंख्य अनुच्चारित अनुस्वार गळाले. आत्रे यांचा १९१५ चा ग्रंथ मुखपृष्ठावर 'गांव' असे लिहितो. संगणकीय तालिकेत 'गाव' असा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला तो सापडेलच, याची शाश्वती नाही. केशवसुतांची नोंद टोपणनावाखाली करायची की दामले या आडनावाखाली, हा प्रश्न एकदाच आणि सर्वत्र सारखा सुटला पाहिजे. तो सुटला नाही, तर एकच कवी तालिकेत दोन होतो. 'शोधगंगा'वर प्रबंध ठेवले जातात ही मोठी उपलब्धी आहे. परंतु अनेक मराठी प्रबंध तेथे निव्वळ छायाप्रतींच्या रूपात वा जुन्या फाँटमध्ये आहेत. त्यांच्या अंतरंगात शोध घेता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही; पण जे लेखन यंत्राच्या भांडारातच नाही त्याच्याशी असलेले साम्य यंत्राला दिसणार कसे? जुन्या अंकातून उतरविलेले पानच्या पान निर्दोष ठरते आणि त्यावर प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र मिळते.

यावर दोन आक्षेप संभवतात. एक असा की, साहित्यसमीक्षेचा विषय साहित्यकृती हा आहे, तिच्या भोवतालच्या नोंदी नव्हेत. सूची करणे हे कारकुनी काम आहे. परंतु कृतीचा अर्थ ज्या वाचनांतून घडत गेला ती वाचने ठाऊक नसताना केलेले विधान स्वायत्त ठरत नाही, ते केवळ अनभिज्ञ ठरते. दुसरा आक्षेप असा की, अंकीकरण झाले म्हणजे सूचीची गरज उरणार नाही. हा तर उघड गोंधळ आहे. छायाप्रत वस्तू जवळ आणते. ती कशाविषयी आहे आणि कशाशी जोडलेली आहे हे सांगण्याचे काम वर्गीकरण करणाऱ्या जाणकार वाचकाचे आहे. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या नियमांत वाचकाचा वेळ वाचविण्याला स्थान दिले, ते याच जाणिवेतून.

म्हणून मागणी अनुदानाची नाही, प्रतिष्ठेची आहे. एकेकाळी एखाद्या नियतकालिकाची सूची हा एम.फिल.च्या लघुप्रबंधाचा विषय होऊ शकत असे. २०२२ च्या विनियमांनी ती पदवीच संपुष्टात आणली आणि ही वाटही बंद झाली. नव्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आला आहे. एका नियतकालिकाच्या दहा वर्षांची सटीप सूची हा प्रकल्प म्हणून मान्य करण्यास कोणत्याही अभ्यासमंडळाला कोणाची अनुज्ञा लागणार नाही. संशोधनपद्धतीच्या तासाला संदर्भ लिहिण्याच्या परदेशी शैली घोकून घेण्याऐवजी विद्यार्थ्याला ग्रंथालयाच्या नियतकालिक विभागात बसविले, दाते यांच्या सूचीतील एक नोंद मूळ अंकाशी पडताळून पाहावयास लावले, तर संदर्भ म्हणजे काय हे त्याला कळेल. ग्रंथपालाला या कामात सहमार्गदर्शक मानावे लागेल; विभागप्रमुखांना ते रुचणार नाही, पण त्याला इलाज नाही.

तोवर मराठी समीक्षा सिद्धान्त परक्या भाषेतून आणीत राहील आणि स्वतःच्याच भाषेत साठ वर्षांपूर्वी झालेला वाद नव्याने सुरू झाल्याच्या थाटात घालीत राहील. तो पूर्वी झाला होता, हे तिला दाखवून देणारी नोंदच कोणी केलेली नसेल.