उसनी गोळी

मैत्रिणींनो, वाटीभर साखर, चमचाभर विरजण, लग्नात नेसायला एखादी पैठणी, असं आपण एकमेकींकडून सतत उसनं घेतो नि देतो. त्यात कमीपणा काहीच नाही. पण मी एकदा एक गोष्ट उसनी दिली आणि त्याची टोचणी अजून मनातून गेलेली नाही. भाऊबिजेला आलेल्या माझ्या धाकट्या वन्संना मी माझी औषधाची गोळी दिली.

झालं होतं असं. मला मधुमेह आहे. सोनोग्राफीत 'ग्रेड टू फॅटी लिव्हर' आलं, म्हणजे यकृतावर चरबी. डॉक्टरांनी बरीच चौकशी करून, रक्त तपासून पायोग्लिटाझोन नावाची गोळी सुरू केली. तीन महिन्यांत रिपोर्ट सुधारले, त्यामुळे मी खुशीत होते. वन्संनी पिशवीतून त्यांची सोनोग्राफी काढली. "वहिनी, तुमच्यासारखंच लिहिलंय बघा. आता जिल्ह्याला कोण जाणार? तुमची गोळी कोणती, तेवढी सांगा." मी सांगितली तर खरीच, वर अख्खी पट्टीही दिली. पुढच्या पट्ट्या त्यांना त्यांच्या गावच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिल्या.

संक्रांत येईतो त्यांच्या पायांना सूज आली, चप्पल घालवेना. चार पायऱ्या चढल्या की धाप लागायला लागली. दवाखान्यात नेल्यावर कळलं की त्यांचं हृदय आधीपासूनच कमजोर होतं. त्या गोळीला त्या 'बीपीची गोळी' म्हणायच्या, ती खरं तर हृदयासाठीच होती. हे मी कधी विचारलंच नव्हतं. "ही नवी गोळी कुणी लिहून दिली?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा वन्संनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि गप्प बसल्या. आता त्या बऱ्या आहेत, पण ते बघणं मी विसरलेले नाही.

पायोग्लिटाझोन हे औषध वाईट नाही. मला ते उपयोगी पडलं. पण ते अंगात पाणी धरून ठेवतं, म्हणून ज्याचं हृदय कमजोर आहे त्याला ते चालत नाही. वजनही थोडं वाढतं. बायकांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण वाढतं, म्हणजे पाळी गेलेल्या बाईने तर हे विचारायलाच हवं. आपल्या सरकारने जून २०१३ मध्ये हे औषध थांबवलं होतं आणि जुलैअखेर इशारे छापण्याच्या अटीवर पुन्हा चालू केलं. मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका हे त्यामागचं एक कारण होतं. एवढा विचार ज्या गोळीमागे आहे, ती मी फराळाच्या डब्याबरोबर देऊन टाकली!

यकृतात पाच टक्क्यांहून जास्त चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारूला न शिवणाऱ्या बायकांनाही ते होतं. पोटाचा घेर, मधुमेह, रक्तातली चरबी यांच्याशी त्याचं नातं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराचाही समावेश केला. म्हणजे हे काही श्रीमंतांचं दुखणं राहिलेलं नाही.

सोनोग्राफीतला 'ग्रेड' चरबी किती दिसते ते सांगतो. यकृताला सूज आहे का, आतून ते जून होत चाललंय का, हे तो सांगत नाही. आणि औषध द्यायचं की नाही, हे त्यावरच ठरतं. म्हणून दोघींच्या कागदावर एकच शब्द असला, तरी दोघींचा आजार एक नसतो. त्यासाठी 'फिब-फोर' नावाचं एक साधं गणित आहे. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्या आकड्यांवर डॉक्टर ते मांडतात. तपासण्या आपल्या तालुक्यालाही होतात. उत्तर १.३ च्या खाली आलं, तर बहुधा काळजी कमी. वर आलं, तर फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी. (पासष्टीच्या पुढे हा आकडा वेगळा धरतात.)

आता आपल्या घरात सापडणाऱ्या बाकीच्या औषधांबद्दल. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल आपण फोडून चेहऱ्याला लावतो, तेलात घालून केसांना लावतो, म्हणून ती आपल्याला निरुपद्रवी वाटते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात तिने यकृताची सूज कमी झालेली दिसली, हे खरं. पण ते रुग्ण मधुमेह नसलेले होते, यकृताचा तुकडा तपासून त्यांचा आजार पक्का केलेला होता, आणि रोज ८०० युनिट असा मोठा डोस ९६ आठवडे देखरेखीखाली दिला होता. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर एवढ्या डोसाने रक्तस्रावाची भीती असते. २०११ मधल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग जास्त आढळला. तेव्हा 'आपण घेतोय तर यांनाही देऊ या' हे नको.

सारोग्लिटाझार ही गोळी आपल्याच देशात तयार झालेली. यकृताला सूज आहे पण सिरॉसिस झालेला नाही, अशा रुग्णांसाठी २०२० मध्ये तिला भारतात मान्यता मिळाली. दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. कित्येकींच्या चिठ्ठीवर अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड असतं. पित्तनलिकांच्या एका आजारात ते कामाचं आहे, काही पित्तखड्यांतही देतात. फॅटी लिव्हरमध्ये मात्र अभ्यासांत त्याचा ठोस फायदा दिसला नाही. ते चालू असेल तर मनानेच बंद करू नका, 'हे कशासाठी?' एवढं विचारा. उलट कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या कित्येक जणी 'लिव्हरला वाईट' म्हणून सोडतात. साध्या फॅटी लिव्हरमध्ये त्या सहसा चालतात आणि हृदय सांभाळतात.

वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनची हल्ली फार चर्चा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत ते यकृताच्या या आजारासाठी मान्य झालं. तेही सूज आणि मध्यम ते जास्त व्रण असलेल्यांसाठी, सिरॉसिस नसताना, आहार नि व्यायामाच्या जोडीने. मूल हवं असेल तर निदान दोन महिने आधी ते थांबवावं लागतं. पार्लरमधल्या गप्पांवरून घ्यायचं हे इंजेक्शन नव्हे.

'मग काढाच बरा, त्याने काही होत नाही,' असं आमच्या भिशीत एकीने म्हटलं. गुळवेलीचं उदाहरण लक्षात ठेवावं. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती दिली. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य नव्हता, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असेल, असं त्यांचं म्हणणं. तो वाद तज्ज्ञांचा. आपण एवढं ध्यानात ठेवू की पोटात गेलेलं बहुतेक औषध, मग ते गोळी असो की काढा, यकृताच्याच हातून पुढे जातं. जे आधीच दमलेलं आहे, त्याच्यावर न विचारता ओझं टाकू नये. वैद्यांचं औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. लपवू नये.

सगळ्यांत खात्रीचा उपाय आजही वजन हाच आहे. पाच टक्के वजन उतरलं की चरबी कमी होते. सात ते दहा टक्क्यांनी सूज ओसरते. दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की पुष्कळांचे व्रणही कमी होतात. सत्तर किलोच्या बाईने साडेतीन किलो उतरवले तर सुरुवात झाली, सात किलो म्हणजे औषधाच्या तोडीचं काम. मात्र हळूहळू. झपाट्याने वजन उतरवलं तर पित्तखडे होतात. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि चार कप गोड चहा यांचा उपास तर यात धरूच नका!

औषध सुरू होताना मी आता डॉक्टरांना पाच गोष्टी विचारते. हे नेमकं कशासाठी? किती दिवस? माझ्या बाकीच्या गोळ्यांबरोबर चालेल ना? काय झालं तर लगेच थांबवून यायचं? पुन्हा रक्त कधी तपासायचं? डोळे पिवळे दिसणं, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणं, अंगभर खाज, उलट्या नि अन्नावरची वासना जाणं, पायांवर सूज, धाप, यांतलं काही दिसलं तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. औषधाचा त्रास झाला, तर १८००-१८०-३०२४ या सरकारच्या मोफत क्रमांकावर तुम्ही स्वतः नोंदवू शकता. त्याला डॉक्टर असावं लागत नाही.

पण मैत्रिणींनो, गोळी उसनी का मागितली जाते, हेही बोलायला हवं. वन्संना अक्कल नव्हती म्हणून नव्हे. जिल्ह्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं, दिवसभराची खोटी, घरच्यांचा स्वयंपाक आणि "एवढं काय झालंय तुला?" हा प्रश्न. नवऱ्याच्या छातीत चमक आली तर गाडी निघते, बाईच्या रिपोर्टला मात्र पिशवीत जागा मिळते. तपासणी परवडत नाही म्हणून आपण गोळीवर भागवतो, आणि मग दवाखान्यातले दिवस मोजतो. चिठ्ठी न बघता औषध देणाऱ्या दुकानदाराचा दोष आहेच, औषधाचं नावसुद्धा न सांगणाऱ्या डॉक्टरांचाही आहे. पण माझा दोष मी त्यांच्यावर ढकलणार नाही.

त्या दिवशी मला वन्संना गोळी द्यायची नव्हती. त्यांच्याबरोबर सकाळच्या एसटीत बसायचं होतं. यंदा भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तशाच निघालो, आपापल्या फायली मांडीवर घेऊन. तुमच्याही घरी कुणी पिशवीतून रिपोर्ट काढला, तर आपली पट्टी पुढे करू नका. तिच्यासाठी तुमचा एक दिवस काढा.