मल्चिंग पेपर घेताना नुसते मायक्रॉन विचारू नका



लोणी-धामणी पट्ट्यात पाण्याची किंमत कुणी कुणाला शिकवायला नको. ओल टिकावी म्हणूनच टोमॅटो, मिरची, कलिंगडाच्या बेडवर मल्चिंग पेपर आला. दुकानात आपले प्रश्न दोनच: "किती मायक्रॉन? केवढ्याला?" माझं म्हणणं, एवढ्यावर भागत नाही.

या पेपरला दोन थर असतात. वरचा चंदेरी उजेड परतवतो, खालचा काळा तण उगवू देत नाही. हे थर नंतर चिकटवलेले नसतात. दोन मशिनांत वितळलेलं प्लास्टिक एकाच डायच्या अरुंद वाटेतून लगटून वाहतं आणि तिथंच एक होतं.

गोम इथंच आहे. वितळलेलं पॉलिथीन काकवीसारखं घट्ट, शिवाय मळलेल्या कणकेसारखं ताणलं की मागं ओढणारं. दोन मालांच्या घट्टपणात फार फरक पडला, तर पातळ माल घट्ट मालाला वेढा घालू पाहतो. थर कुठं जाड, कुठं विरळ होतो. काळा विरळ झाला की उजेड आत आणि तण वर.

पोलादी डाय पुन्हा पुन्हा कापून बघणं परवडत नाही. म्हणून हा प्रवाह आधी संगणकावर मांडतात. वाटेचे बारीक तुकडे करून प्रत्येकातला वेग, दाब, ताण काढतात. पॉलिमर कसं वाहतं यावर पुण्यात पाषाणच्या एनसीएलमध्ये काम झालंय. तिथल्या डॉ. आशिष लेले यांना २००६ चा भटनागर पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्ञान आपल्याच जिल्ह्यात आहे. पण गणित मांडलं एका मालासाठी आणि मशिनात दर खेपेला वेगळं भंगार पडलं, तर ते गणित काय कामाचं?

तोवर दोन गोष्टी करा. १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब, २५ मायक्रॉनचा रोल नळी सोडून ११ किलोच्या आसपास भरायला हवा. आठच भरला तर तो १८ मायक्रॉनचा समजा. वजनावरून फक्त सरासरी कळते, म्हणून थोडा पेपर उलगडून उन्हासमोर धरा. उजेडाचे पट्टे दिसले तर परत करा. आणि पक्कं बिल घ्याच.

मल्चिंगला सरकार अनुदान देतं. मग नुसती जाडी नको, थरांचीही तपासणी तालुक्याला व्हावी, ही मागणी आपण ग्रामसभेत मांडायला हवी. पेपर फसला तर दुकानदाराचं काही जात नाही. चिंध्या आपल्याच रानात राहतात.

पटलं तर पुढं पाठवा.